घरचें आजारपण आणि मालकाचा हजेरीपट

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखालून खाडीवरचा पूल ओलांडला म्हणजे पलीकडे कोन लागतें. भिवंडीच्या वाटेवरचें हें गांव. आमच्या लहानपणीं कल्याणच्या जुन्या वाड्यांतून ‘खाडीपलीकडे’ हा शब्द एखाद्या दूरच्या प्रांतासारखा उच्चारला जाई. आज त्याच वाटेनें रोज सकाळीं माणसांचा लोंढा वाहत असतो. भिवंडीचे यंत्रमाग तर जुनेच. परंतु गेल्या कांहीं वर्षांत या तालुक्यांत गोदामांचें एक नवेंच जग उभें राहिलें आहे, आणि मुंबईकरांच्या दारांत येऊन पडणाऱ्या कितीतरी वस्तु आधीं येथल्या फळ्यांवर विसावलेल्या असतात. या जगांत हमाल आहेत, गाडीवाले आहेत, मालाची बांधाबांध करणाऱ्या मुली आहेत, हिशेबनीस आहेत. त्या लोंढ्यांत आमच्या थोरल्या वहिनी सात वर्षें होत्या.

कोनच्या एका गोदामांत त्या हिशेबाचें काम पाहत. गोदामाचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. कारण जें तेथें घडलें तें दुसऱ्या कोठेंही घडलें असतें. दोन वर्षांपूर्वीं ऐन मार्गशीर्षांत आमच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवें अंग लुळें पडलें, वाचा अडखळूं लागली. घरांत आम्ही तिघे भाऊ, दोन सुना, पांच मुलें आणि ऐंशी ओलांडलेले वडील. डॉक्टर म्हणाले, “पहिले सहा महिने महत्त्वाचे आहेत. हातापायांची हालचाल करवावी लागेल, दर दोन तासांनीं कूस बदलावी लागेल. यांत खंड पडतां कामा नये.” आम्ही तिघांनीं गंभीरपणें माना हलविल्या आणि दुसऱ्या दिवशीं नेहमीच्या गाडीनें आपापल्या कचेरीस गेलों. धाकट्या वहिनींच्या कडेवर तान्हें मूल होतें. राहिल्या थोरल्या वहिनी.

त्यांची किरकोळ रजा पंधरवड्यांत संपली. सांठलेली रजा माघ उजाडण्यापूर्वींच सरली. मग त्यांनीं मालकांकडे एवढेंच मागितलें कीं, सकाळीं एक तास उशिरां येऊं द्यावें. तो तास संध्याकाळीं भरून देईन. सकाळची दाई नवाला येत असे आणि गोदामाची वेळही नवाचीच होती. मालक म्हणाले, “ताई, घरचें घरीं. आज तुम्हांला सवलत दिली तर उद्यां सगळे दारांत उभे राहतील.” तो माणूस दुष्ट नव्हता. आई आजारी असल्याचें कळतांच त्यानें फळांची करंडी घरीं पाठविली होती. करंडी द्यावयास त्याला कोणताही नियम लागला नाहीं. एक तास द्यावयास मात्र त्याच्यापाशीं नियम नव्हता. फाल्गुनांत वहिनींनीं नोकरी सोडली.

भाद्रपदांत आई गेली. तिची सेवा उत्तम झाली, असें सारे म्हणाले. “अशी सून मिळावयास भाग्य लागतें,” हें वाक्य तेरा दिवसांत आम्ही निदान तीस वेळां ऐकलें असेल. चौदाव्या दिवशीं वहिनी आम्हांला म्हणाल्या, “सेवा केल्याचें दुःख नाहीं हो, भावजी. पण तुम्हां तिघांपैकीं एकानेंही आपल्या कचेरींत विचारून पाहिलें नाहीं, एवढें मात्र वाटतें.” तें वाक्य मनांत रुतून बसलें. प्रस्तुत लेख त्या वाक्याचें फळ आहे.

कोणी म्हणेल, हें तर घरोघरचें आहे. त्यावर मासिकांत लिहिण्यासारखें काय आहे? घरोघरचें आहे म्हणूनच लिहावयाचें. भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०२४ सालीं लोक आपला दिवस कसा घालवितात याची पाहणी केली. तींत असें आढळून आलें कीं, १५ ते ५९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकीं ४१ टक्के स्त्रिया घरांतील माणसांची देखभाल करतात आणि तींत त्यांचीं रोज सरासरी १४० मिनिटें जातात. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण २१.४ टक्के, आणि वेळ ७४ मिनिटें. हें केवळ मुलांचें, वृद्धांचें व आजाऱ्यांचें करणें झालें. स्वयंपाक, धुणें, झाडलोट यांचा हिशेब निराळाच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें २०२४ सालीं जगाचा जो अंदाज मांडला, त्याप्रमाणें ७० कोटी ८० लाख स्त्रिया केवळ घरच्या देखभालीच्या भारामुळें कमावत्या कामाच्या बाहेर आहेत. आमच्या वहिनी त्यांतल्या एक होत्या, आणि हें आम्हांला त्या घरीं बसल्यावर कळलें.

मालकानें यांत पडावें कां, हा प्रश्न नवा नाहीं. मुंबईच्या कापडगिरण्यांनीं तो शंभर वर्षांपूर्वींच उभा केला होता. गिरणींत जाणारी आई तान्हें मूल चाळींत ठेवून जाई आणि तें दिवसभर निजून राहावें म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ चारी. गिरणीमालकाला आई हवी होती. तिचें मूल ही तिची घरची बाब होती. या बाबीची किंमत तान्हीं मुलें मोजीत होतीं. ना. म. जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्रसूतीच्या सवलतीचें विधेयक आणलें. तें संमत झालें नाहीं. पुढें मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळांत हा विषय आला, तेव्हां १९२८ च्या जुलैमध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्या विधेयकाचा पुरस्कार केला. मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वांटा सरकारनें उचलावा हें त्यांना मान्य होतें. परंतु स्त्रियांना कामावर ठेवून ज्या मालकाला फायदा होतो, त्याला या भारांतून सर्वस्वीं मोकळें सोडतां येणार नाहीं, असें त्यांनीं बजावलें. १९२९ सालीं मुंबईचा कायदा झाला. हिंदुस्थानांतील हा अशा प्रकारचा पहिला कायदा.

त्या भाषणांतील तत्त्व आजही तंतोतंत लागू पडतें. कोनच्या गोदामांत सकाळीं नवाला जो हिशेबनीस ताजातवाना येऊन बसतो, त्याला कोणीतरी जेवूं घातलेलें असतें, त्याचे कपडे कोणीतरी धुतलेले असतात, त्याच्या म्हाताऱ्या बापाला कोणीतरी औषध दिलेलें असतें. या श्रमाचा पगार मालकाच्या वहींत कोठेंही पडत नाहीं. पण त्याचा लाभ मात्र मालकाच्या वहींत रोज जमा होतो. घरची शुश्रूषा ही धंद्याच्या बाहेरची गोष्ट नव्हे. ती धंद्याचा पाया आहे.

मुलांच्या बाबतींत हें आपल्या कायद्यानें हळूहळू ओळखलें आहे. १९६१ च्या प्रसूति-लाभ कायद्यांत २०१७ सालीं दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांकरितां भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास वा अधिक माणसें जेथें काम करतात तेथें पाळणाघर असलें पाहिजे, आईला दिवसांतून चार वेळां मुलाकडे जाऊं दिलें पाहिजे, असें ठरलें. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेंही हीच व्यवस्था कायम ठेवली आहे. केंद्र सरकारच्या स्त्री-नोकरांना २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठीं सबंध नोकरींत ७३० दिवसांची रजा मिळते. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं आपल्या स्त्री-नोकरांना अशी १८० दिवसांची रजा दिली. पत्नी हयात नसलेल्या, अथवा असाध्य आजारानें पत्नी अंथरुणाला खिळलेली आहे अशा पुरुषांनाही ती लागू केली. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यांत तर असें कलम होतें कीं, कामाच्या जागीं सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें असतील, तर एका बाईला त्यांना सांभाळण्याच्या कामावर नेमावें आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. मूल सांभाळणें हें खडी फोडण्याइतकेंच काम आहे, अशी ही सरकारी कबुली होय.

पण म्हातारपण? तेथें कायद्याची वाणी एकाएकी बदलते. २००७ सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. आईबापांचा सांभाळ करणें हें मुलामुलींचें कर्तव्य आहे, तें टाळल्यास न्यायाधिकरणापुढें दाद मागतां येईल, असें तो सांगतो. उत्तम आहे. परंतु तें कर्तव्य बजावण्यासाठीं नोकरदाराला एक दिवसाची वेगळी रजाही त्यानें दिलेली नाहीं. केंद्र सरकारच्या नोकरांविषयीं जुलै २०२५ मध्यें राज्यसभेंत प्रश्न निघाला, तेव्हां उत्तर मिळालें कीं, त्यांना वर्षाकाठीं जी ३० दिवसांची अर्जित, २० दिवसांची अर्धपगारी आणि ८ दिवसांची किरकोळ रजा मिळते, ती वृद्ध मातापित्यांच्या सेवेसाठीं वापरतां येते. म्हणजे रजा आपलीच, खर्च आपलाच. कामगार राज्य विमा योजनेंतही विमेदार स्वतः आजारी पडला तर रोख भत्ता आहे, घरच्यांना औषधोपचार आहे. पण घरच्या आजाऱ्यापाशीं बसावें लागलें म्हणून जो रोज बुडाला, त्याची भरपाई नाहीं. आसाम सरकारचें उदाहरण मोठें बोलकें आहे. आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्या सरकारी नोकराच्या पगारांतून पैसे कापून ते त्यांना देण्याचा कायदा त्या राज्यानें २०१७ सालीं केला. आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत आईबाप वा सासूसासरे यांच्या सहवासासाठीं नोकरांना दोन दिवसांची खास रजा दिली. दोन दिवस थोडेच; पण धाकाबरोबर सवडही द्यावी लागते, एवढें त्या सरकारनें ओळखलें.

परदेशांत ही सवड अधिक रीतसर दिली जाते. इंग्लंडांत एप्रिल २०२४ पासून प्रत्येक नोकरदाराला, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, घरच्या परावलंबी माणसासाठीं वर्षांतून एक आठवड्याची रजा मागण्याचा हक्क आहे. ती बिनपगारी आहे खरी, पण अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या तुकड्यांनींही घेतां येते. जपानांत एकेका आप्तासाठीं ९३ दिवसांची रजा आहे, ती तीन हप्त्यांत घेतां येते आणि त्या काळांत पगाराच्या ६७ टक्के रक्कम विम्यांतून मिळते. याखेरीज वर्षाला पांच दिवसांची छोटी रजा असून ती २०२१ पासून तासातासानेंही मिळूं लागली. इतकें असूनही त्या देशांत घरच्या शुश्रूषेपायीं दरवर्षीं सुमारें एक लाख माणसें नोकरी सोडतात. म्हाताऱ्यांची संख्या वाढत जाणाऱ्या आपल्या देशानें हा आंकडा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

येथें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत एक शंका येईल. आमच्याही मनांत ती होती. ‘हीं सारीं विभक्त कुटुंबांचीं दुःखें. एकत्र कुटुंबांत हाताला हात असतो; तेथें मालकाच्या मेहेरबानीची गरज काय?’ आमच्या घरांत आईखेरीज अकरा माणसें होतीं. अनुभवानें सांगतों, हात पुष्कळ होते. पण आजाऱ्याच्या अंथरुणाशीं पोंचणारे हात दोनच होते. एकत्र कुटुंबांत भार वांटला जातो हें सर्वस्वीं खोटें नाहीं. परंतु पुष्कळदां तो वांटला न जातां नुसता लपला जातो. विभक्त घरांतली एकटी सून निदान ‘माझें कोणी नाहीं’ असें म्हणूं शकते. आमच्या वहिनींना तेंही म्हणतां येत नव्हतें. शिवाय आजच्या एकत्र कुटुंबाचा संसार दोन-तीन पगारांवर उभा असतो. घरांतला एक पगार बंद पडला म्हणजे मुलांच्या शिकवणीपासून आजाऱ्याच्या औषधापर्यंत सर्वत्र ओढाताण होते. त्या सहा महिन्यांत आम्ही ती सोसली आहे.

दुसरी शंका मालकांची. ती अशी कीं, लोक याचा गैरफायदा घेतील, आणि लहान धंद्याला हें परवडणार नाहीं. गैरफायदा घेणारे घेतीलच. ते आजही खोटें आजारपण सांगून घेतातच. खरें बोलणाऱ्याला वाट नसली म्हणजे खोटें बोलणाऱ्यांची संख्या वाढते, एवढेंच. राहिला परवडण्याचा प्रश्न. आमच्या वहिनींच्या जागीं आलेल्या मुलाला काम समजावयास अडीच महिने लागले. तोंवर त्या गोदामाचे मुनीम आठवड्यांतून दोनदां वह्या बगलेंत मारून आमच्या ओटीवर येत आणि वहिनींना जुन्या नोंदी विचारून जात. आंत आई, बाहेर मुनीम, अशी वहिनींची धांवपळ आम्ही पाहिली आहे. सकाळचा एक तास न देणाऱ्या मालकानें असे कितीतरी तास वहिनींकडून फुकट घेतले! सात वर्षांची माहितगार माणूस गमावणें हें स्वस्त आहे असें ज्याला वाटतें, त्यानें आपला जमाखर्च पुन्हां मांडून पाहावा.

तर मग कोनसारख्या ठिकाणीं एखाद्या मालकाच्या मनांत आलें, तर त्यानें करावें तरी काय? आमच्या अल्प मतीला सुचलेल्या गोष्टी येथें मांडतों. त्यांतल्या पहिल्या चारांना पैसा जवळजवळ लागत नाहीं.

पहिली गोष्ट विचारण्याची. आपल्या माणसांपैकीं कोणाच्या घरीं अंथरुणाला खिळलेलें, अपंग वा अगदीं लहान माणूस आहे, हें मालकाला ठाऊक असावें. पुष्कळ लोक, विशेषतः पुरुष, हें सांगत नाहींत. काम काढून घेतील, बढती चुकेल, अशी त्यांना भीति असते. म्हणून ही विचारपूस वर्षांतून एकदां सर्वांचीच व्हावी आणि ती माहिती चारचौघांत बोलली जाऊं नये.

दुसरी गोष्ट तासांच्या रजेची. आजाऱ्याच्या घरीं पुष्कळदां सबंध दिवस लागत नाहीं. दाई येईपर्यंतचा तास, डॉक्टरांच्या भेटीचे दोन तास, एवढेंच लागतें. त्यासाठीं सबंध दिवसाची रजा खर्च करावयास लावणें हें दोघांच्याही तोट्याचें. हजेरीपटांत तासांचा एक रकाना वाढविला म्हणजे हें काम भागतें.

तिसरी गोष्ट पाळ्यांची. उद्यां सकाळची पाळी कीं रात्रपाळी हें आदल्या संध्याकाळीं कळलें, तर घरच्या आजाऱ्याची व्यवस्था लावतां येत नाहीं. पाळ्यांचा तक्ता पंधरा दिवस आधीं भिंतीवर लागावा आणि दोघांनीं संमतीनें पाळी बदलून घेतल्यास मुकादमानें आडकाठी करूं नये. भिवंडीच्या मागांवर बारा बारा तासांच्या पाळ्या चालत आल्या आहेत. तेथें तर ही गोष्ट अधिकच निकडीची. तसेंच जेथें कामाच्या वेळीं भ्रमणध्वनि बाहेर ठेवून घेतात, तेथें घरून निरोप येण्यासाठीं एक क्रमांक असावा, आणि आलेला निरोप तत्काळ त्या माणसापर्यंत पोंचावा.

चौथी गोष्ट एकाचें काम दुसऱ्याला येण्याची. जेथें एका मेजाचें काम एकालाच येतें, तेथें रजा मागणाराही गुन्हेगार ठरतो आणि देणाराही अडचणींत येतो. प्रत्येक कामाची दोघांना माहिती असली म्हणजे निम्मी कटकट मिटते.

पांचवी गोष्ट लांबच्या रजेची. आईचे अखेरचे दिवस, मुलाची शस्त्रक्रिया, अशा प्रसंगीं दोन-तीन महिने लागतात. पगार देणें शक्य नसेल तर अर्धा द्यावा, तोही शक्य नसेल तर निदान जागा राखून ठेवावी आणि परत आल्यावर ज्येष्ठता जाऊं देऊं नये. नोकरी परत मिळणार आहे, एवढ्या भरंवशावर माणूस पुष्कळ सोसूं शकतो.

सहावी गोष्ट पाळणाघराची. लहान गोदामवाला म्हणेल कीं, माझ्याकडे पन्नास माणसें नाहींत. ठीक आहे. पण अनेक मालकांनीं मिळून एक पाळणाघर चालविण्यास कायद्याची आडकाठी तर नाहींच, उलट मुभा आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्यानें एक किलोमीटरच्या आंत असें सामाईक पाळणाघर चालेल असें म्हटलें, आणि सामाजिक सुरक्षा संहितेनेंही अनेक आस्थापनांनीं साधनें एकत्र करण्यास वाट ठेवली आहे. गोदामें जेथें एकमेकांना खेटून उभीं आहेत तेथें हें अवघड कां असावें? याच जुन्या ठाणें जिल्ह्यांत, बोर्डीस १९४५ सालीं आणि पुढें कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बालशिक्षणाचें काम मांडलें. आदिवासी मुली शाळेंत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटीं भावंडें असत. तेव्हां त्यांनीं शाळेला जोडून पाळणाघर काढलें. भावंडाची सोय झाली आणि मुलगी शिकूं लागली. आधीं कडेवरचा भार पाहावा, मग कामाची अपेक्षा करावी, हा धडा शाळेइतकाच गोदामालाही लागू आहे.

आणि सातवी गोष्ट, पैशाची. एकट्या लहान मालकाला जें झेपत नाहीं तें अनेकांनीं मिळून झेपतें, हें महाराष्ट्रानें हमालांच्या बाबतींत सिद्ध करून दाखविलें आहे. १९६९ चा माथाडी कायदा झाला तेव्हां मालकांनीं मजुरीबरोबर एक ठराविक रक्कम मंडळांत भरावी आणि तींतून हमालांना भविष्यनिर्वाह निधि, भरपगारी रजा, औषधोपचार मिळावे, अशी योजना झाली. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनें हें घडवून आणलें. आज एका दुकानीं, उद्यां दुसऱ्या दुकानीं ओझें वाहणाऱ्या हमालालाही रजा देतां येते, हें त्यापूर्वीं कोणाला खरें वाटलें असतें? तशीच एक लहानशी वर्गणी गोदामवाल्यांनीं शुश्रूषेच्या रजेसाठीं काढली, तर एकाच्या घरच्या आजारपणाचा भार एकाच मालकावर पडणार नाहीं. आणि ‘लग्न झालेली बाई नको, तिचीं घरचीं कामें फार’ असें मनांत म्हणून अर्ज बाजूला सारणाऱ्यांनाही कारण उरणार नाहीं.

या साऱ्या गोष्टींत एक सूत्र आहे. सवलत ही मेहेरबानी नसावी, नियम असावा. आणि तो लेखी असावा. मेहेरबानी मागतांना मान खालीं घालावी लागते, आणि ती ज्याला मिळते त्याचा इतरांना हेवा वाटतो. नियम सर्वांना सारखा. तो कंत्राटदाराकडून आलेल्या माणसालाही लागू असावा आणि मुख्य म्हणजे पुरुषालाही लागू असावा. सवलत केवळ बायकांपुरती ठेवली, तर मालक बायकांना नोकरी देतांना कचरेल, आणि घर म्हणेल, ‘तुला सवलत आहे ना, मग तूंच राहा.’

येथें आम्ही पुन्हां आपल्या घरीं येतों. मालकानें कितीही उत्तम नियम केला, तरी तो मागावयास पुरुष गेलाच नाहीं, तर तो नियम भिंतीवरच राहणार. आम्ही तिघे भाऊ आईवर प्रेम करीत नव्हतों असें नाहीं. रात्रीं घरीं आल्यावर तिच्या पायांशीं बसत होतों, औषधाचे पैसे बिनतक्रार देत होतों. परंतु ‘आईच्या शुश्रूषेसाठीं मला उद्यां दोन तास हवे आहेत,’ हें वाक्य वरिष्ठांसमोर उच्चारावयास आम्हांला लाज वाटली. मुलाच्या मुंजीसाठीं आठ दिवसांची रजा मागतांना ती वाटली नव्हती. ज्या संस्कृतींत ‘मातृदेवो भव’ हें पाठ म्हणून आपण वाढलों, तिच्यांत आईसाठीं रजा मागण्याची लाज कोठून आली, याचा विचार प्रत्येक पुरुष वाचकानें आपल्याशीं करावा.

यंदा आषाढांत वडील न्हाणींत पाय घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही तिघेही माजघरांत बसलों आणि एका वहीवर आठवड्याचे सात दिवस आंखले. दुसऱ्या दिवशीं तिघांनींही आपापल्या कचेरींत विचारलें. थोरल्या बंधूंना साफ नकार मिळाला. धाकट्याला पाळी बदलून मिळाली. आम्हांला आठवड्यांतून तीन दिवस तासभर उशिरां येण्याची परवानगी मिळाली, वरिष्ठ एवढेंच म्हणाले, “आधीं कधीं बोललां नाहींत.” त्या तीन सकाळीं वडिलांना उठवून बसविणें, त्यांचें अंग पुसणें, त्यांना चार पावलें चालविणें हें आम्ही शिकलों. पहिल्या दिवशीं त्यांना आमच्या हातून अंग पुसून घेतांना संकोच वाटला. चौथ्या दिवशीं ते पंचा कसा पिळावा तें आम्हांला शिकवूं लागले.

थोरल्या वहिनी आतां पुन्हां कोनला नोकरीस जातात. पहिली जागा भरलेली होती; ही दुसरी आहे. पगार पूर्वींपेक्षां थोडा कमीच आहे. मुलाखतीच्या वेळीं त्यांनीं पगाराच्या आधीं हजेरीपट दाखवावयास सांगितला, म्हणे. त्यांत तासांच्या रजेचा रकाना होता, आणि त्यांत दोन पुरुषांचीं नांवें होतीं. तें पाहून त्यांनीं होकार दिला.